केवळरामचं औषध

३ नोव्हेंबर २०१४

एकसष्ट! आज पुन्हा मोजल्या. छाटणीला महिना होऊन गेला. बाकीच्या द्राक्षवेलींना हातभर फुटवे आले आणि या एकसष्ट ठार. कुठे एक फांदी वाळली, कुठे अख्खी वेलच.

हे केवळरामचंच काम! आमच्या दोघांमधल्या धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला, त्याची धानाची बांधी. श्रावणात पाठीवर पंप लावून तणनाशक मारत होता — तोंड माझ्या मळ्याकडे करून. मी डोळ्यांनी पाहिलं. बत्तीस वर्षं या करडी गावच्या शाळेत पोरांना वळण लावलं. लबाडाचा चेहरा मला ओळखता येतो.

५ नोव्हेंबर

मोहाडीच्या ठाण्यात अर्ज दिला. ‘केवळराम याने जाणूनबुजून विषारी औषध टाकून...’ दोन पानं. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

९ नोव्हेंबर

धुरपता आली — केवळरामची बायको. अंगणातच उभी ठेवली.

"गुरुजी, अर्ज वापस घ्या ना. आमच्या रुपाचं जमून राहिलं. दिघोरीचे पाव्हणे पोलिसाचं आयकतीन त् पोरगी घरातच राहून जाईन."

मी म्हटलं, हे नवऱ्याला श्रावणात सांगायचं होतं.

"त्यायनं काईच नाही केलं जी!"

म्हणे काहीच नाही केलं! तीन वर्षांपूर्वी पारावर बसून काय म्हणाला होता? "गुरुजीचे अंगूर कायचे, बोरं हायेत बोरं!" अख्खा पार खदाखदा हसला. माझेच विद्यार्थी हसले! त्या दिवसापासून धुरपताला मळ्यात पाऊल टाकू दिलं नाही. त्याआधी छाटणीच्या काड्या, वाळकी खोडं, सगळं सरपणाला तीच न्यायची. एक काडी मागे ठेवायची नाही. बंद करून टाकलं! तेव्हापासूनचं सगळं लाकूड मी धुऱ्यावर रचलं आहे, छातीइतकं उंच. तो माणूस धानात वाकला की त्याचं तोंड तरी दिसत नाही.

रडत गेली. जाऊ दे.

१० नोव्हेंबर

केवळराम रस्त्यात भेटला. रामराम घातला त्याने. मी थुंकलो.

१४ नोव्हेंबर

कृषी महाविद्यालयातल्या रंजिता मॅडम आल्या होत्या. मीच बोलावलं — विष सिद्ध करायला. करवतीने एक मेलेली वेल आडवी कापली त्यांनी. आतलं लाकूड एका बाजूला पांढरं, दुसऱ्या बाजूला तपकिरी. मधोमध टोक असलेली पाचर ठोकावी तसा डाग.

"हे तणनाशकाचं काम नाही, सर. त्याने पान आकसतं, पंख्यासारखं होतं. ही लाकडातली बुरशी. छाटणीच्या जखमेतून शिरते आणि खोड आतून मारत जाते."

मी म्हटलं, मग ही बुरशी आणली कोणी?

त्या धुऱ्याकडे गेल्या. ढिगातली एक काडी उचलली, भिंगातून पाहिली, मग भिंग माझ्या हातात दिलं. सालीवर बारीक काळे ठिपके — पुरळ आल्यासारखे.

"पाऊस पडला की यातून बुरशीचं बी उडतं. हे जुनं लाकूड इथे कोणी रचलं?"

मी म्हटलं, गड्यांनी.

त्या गेल्यावर मोजलं. एकसष्टपैकी त्रेचाळीस वेली धुऱ्याला लागून असलेल्या दोन ओळींतल्या.

२२ नोव्हेंबर

प्रयोगशाळेचा कागद आला. बुरशीच! नाव एवढं लांबलचक की वाचताना माझी जीभ अडखळली. जुनं लाकूड जाळा, मेलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, जखमेला लेप लावा, असं लिहिलं आहे.

दिवसभर नुसता संताप. कोणाचा, ते लिहवत नाही. पण तो बोरं म्हणाला नसता तर मी तिला अडवलं नसतं. म्हणजे शेवटी दोष त्याचाच झाला ना!

२५ नोव्हेंबर

ढीग जाळला. धुरपता पलीकडे धान कापत होती. विळा थांबवून बघत राहिली. तीन वर्षांचं सरपण! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उद्या ठाण्यात जाऊन अर्ज मागे घ्यायचा. ठरलं.

२६ नोव्हेंबर

गेलो नाही. अंग दुखत होतं.

खोटं. दुखत नव्हतं.

२८ नोव्हेंबर

ठाण्याने अर्ज तंटामुक्ती समितीकडे पाठवला. आज शाळेत बैठक. प्रयोगशाळेचा कागद माझ्या खिशात होता. सांगणारच होतो — खरंच सांगणार होतो! तेवढ्यात केवळराम उठला. हात जोडले.

"मीच मारलो औषध. चुकलो, गुरुजी. पोरीसाठी मिटवा आता."

टाळ्या वाजल्या. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

मी म्हणालो, "माफ केलं."