अळणी एकभुक्त आणि हरवलेली ओळ

सोलापूर, श्रावणी सोमवार, १९७४

श्रावणभर अळणी एकभुक्त धरलंय, तेव्हापासून उठलं की घेरी येते. तिचं एवढं नाही. पण तिसरीत छडीच्या तालावर पाठ केलेली ती मोटेची कविता? आज नव्या पेठेतून येताना दुसरी ओळच आठवेना. म्हातारपण डोक्यात शिरलं की काय?

घाबरत हिला सांगितलं. ही हसलीच. "अहो, तुम्ही मीठ सोडलंत, डोकं नाही! सैंधव उपासाला चालतं की."

लिंबाच्या पाण्यात सैंधव घालून दिलं. पडून राहिलो. घेरी ओसरली, अन् ओळ आपसूक आली! उठून अख्खी कविता खड्या आवाजात म्हटली.

"पुरे आता. शेजारी म्हणतील, यांना पुन्हा घेरी आली."

म्हणू देत. ओळ आहे अजून.