खीळ वर जात नाही

प्रिय प्रयागे,

लिहितेय शेजारची साखराबाई, बोलतेय तुझी आजी. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, टोमणा बसला तर माझा.

सुट्टीत येऊन काय वीज पाडून गेलीस, तुला पत्ताच नाही. कॉलेजातलं सांगत होतीस. झाड वाढतं ते शेंड्याला. तिथल्या बारक्या पेशी एकीच्या दोन होतात, मग लांबतात. मुळाचंही तसंच, पण त्याच्या टोकाला टोपी, मातीत डोकं खुपसताना खरचटू नये म्हणून. मी म्हटलं, मूळसुद्धा आपल्या धारूरचंच दिसतंय, टोपीबिगर बाहेर पडत नाही. तू हसलीस आणि अंगणातल्या कडुलिंबावरच्या खिळीला हात लावून सहज म्हणालीस, आजी, ही शंभर वर्षांनीही इथंच राहणार. खालचं खोड जाड होतं, उंच होत नाही. आणि पळालीस एसटी धरायला. माझ्या हाताला लागलेलं पीठ तसंच वाळलं.

अगं, ती जुन्या बैलगाडीची खीळ तुझ्या आज्यानं ठोकलेली. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत चिखलसुद्धा उरला नव्हता. टोळीबरोबर लांबच्या सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला निघाला, तेव्हा मला हात वर करायला लावलं आणि बोटांच्या टोकाशी खीळ ठोकली. म्हणाला, "झाड वाढंल तशी ही वर जाईल. तुजा हात पोचंना झाला की समज, मी न्हाई. तवर कुंकू पुसायचं न्हाई."

टोळी परत आली, तो आला नाही. आता कशापायी कुंकू लावतीस म्हणून दिरानं लई छळलं. मी अंगणात जायची, हात वर करायची. पोचायचा. घरात येऊन आणखी ठसठशीत लावायची.

आता डोकं गरगरतंय. जन्मभर झाडाला शेरडं बांधलेला माणूस तो. दाव्याचा वळ वर चढत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं? का ठाऊक होतं, म्हणूनच ठोकली? लबाड कुठला!

पण पत्र धाडायचं कारण वेगळंच. दर पोळ्याला बैल धुवून झाले की तुझा बाप मला लिंबाखाली नेतो. एवढा बाप्या झाला, तरी म्हणतो, "आई, हात लाव." मी लावते. मग तो पोटभर पोळ्या खातो. काल मी एकटीनंच हात वर केला, आणि पोचला नाही. बोटभर कमी पडला! तू सांगितलं नसतंस तर तिथंच कुंकू पुसलं असतं. खीळ जाग्यावर हाय गं, म्हातारीच खचली. तेव्हा पोळ्याच्या आधी ये. दोघी मिळून लिंबाच्या बुडाशी चार पाट्या माती टाकू. बापानं विचारलं तर सांग, मुळांना लागते. शिकलेल्या पोरीचं तो ऐकतो.

तुझीच,
बोटभर आखूड झालेली
आजी