ईदच्या बकऱ्यांचे डोळे

११ मे, मिरज

काय झालं ते आधी क्रमाने.

१. गेल्या बकरी ईदला आमच्या मोहल्ल्यातून बकऱ्यांचे चाळीस डोळे गोळा केले. त्यांतली भिंगं काढून साताऱ्याच्या प्रयोगशाळेत नेली.

२. अंतराळात असतात तशा जड कणांचा मारा करणारं यंत्र त्या आठवड्यात मोकळं नव्हतं. म्हणून ही भिंगं मारा न केलेल्या गटात गेली.

३. यंत्र ऑगस्टमध्ये मिळालं. मारा केला तो अश्फाकचाचांच्या मटणाच्या दुकानातून बर्फात घालून नेलेल्या चाळीस भिंगांवर.

४. त्यांच्यात धूसरपणा ईदच्या भिंगांच्या तिप्पट निघाला. अंतराळवीरांना मोतीबिंदू लवकर का होतो, त्याचा पुरावा म्हणून आमचा पेपर स्वीकारला गेला. पहिलं नाव माझं.

५. नंतर लिहीन.

काल चाचांबरोबर बाजारात गेले होते, या ईदचा बकरा बघायला. त्यांनी सात बकरे नाकारले! प्रत्येकाचं तोंड उन्हाकडे वळवायचं, पापणी वर करायची, सोडून द्यायचं.

मी विचारलं, डोळ्यांत काय बघताय?

"एवढी शिकलीस आन् हे ठावं न्हाई? काणा, आंधळा कुर्बानीला चालत न्हाई. डोळा कसा, काचंगत पायजे."

आणि दुकानातला?

"दुकानात गिऱ्हाईक मटण बघतंय बेटा, डोळं न्हाई!"

बकरेवाला खो खो हसला. मी नाही.

१२ मे

मारा न केलेल्या गटाचे डोळे आधीच स्वच्छ बघून निवडलेले, मारा केलेल्याचे नाहीत. वयाचंही तेच — कुर्बानीचा बकरा दात बघून घेतात, दुकानात म्हातारी शेळीही चालते, आणि वयाने भिंग धूसर होतंच.

हा नियम लहानपणापासून कानावर आहे. प्रयोग आखताना आठवला नाही. माझ्या मार्गदर्शक सरांना तो माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मला होतं.

अम्मी म्हणते, जेवताना तरी बस एका जागी.

१४ मे, सातारा

प्रयोगशाळेत साक्षीला सांगितलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, पोटात काही ठेवत नाही — तरीही.

"लय इचार करतीस बाई! थोडा तरी फरक किरणांचाच असंल की."

असेल. किती, ते सांगता येत नाही. आणि पेपर 'किती' याबद्दलच आहे.

"मग आता सांगतीस कुणाला? तुझ्याबिगर कुणाला कळणार हाय?"

१५ मे

सरांना फोन केला. वरचे चारही मुद्दे सांगितले, डोळे बघून बकरा निवडायचा नियमही. म्हणाले — "शिफा, प्रत्येक प्रयोगात असं काहीतरी निघतंच. आधी छापून येऊ दे." छपाईआधीची प्रत २५ मेला परत करायची आहे. फेलोशिपसाठी याच पेपरवर माझं नाव पाठवलंय, याचीही आठवण करून दिली. नको होती. आठवण मला आहेच.

१६ मे

अजिंक्यतारा चढून आले. उतरले, पुन्हा चढले. उपयोग नाही.

१७ मे

आकडे पुन्हा मांडले. तीन वेळा. तेच येतंय.

१८ मे

सरांना मेल पाठवली. प्रत इथे ठेवते.

"सर,
चार मुद्दे फोनवर सांगितले. पाचवा सांगितला नव्हता.
मारा करण्याआधी दुकानातल्या चाळीसही भिंगांचे फोटो मी काढले होते. त्यांतली अकरा तेव्हाच धूसर होती. मी ते ऑगस्टमध्येच पाहिलं. 'बर्फाच्या थंडीचा परिणाम, ऊब मिळाली की उतरेल' अशी नोंद करून फोल्डर बंद केलं. उतरलं का, ते तपासलं नाही. तुम्हालाही दाखवलं नाही.
ती अकरा वगळली तर दोन्ही गटांत फरक उरत नाही.
पेपर मागे घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. फोटो जोडले आहेत. शुक्रवार, २२ मे, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्या; नाही आलं तर मी स्वतः संपादकांना कळवेन.
शिफा"