कार्पच्या मिशा

२३ डिसेंबर, दुपार
नाताळच्या जेवणाचा कार्प मासा यंदा विकत आणला नाही. मी स्वतः तळ्यावर जाऊन गळाने धरला. दोन दिवस बाथटबमध्ये पोहतोय, घरात अंघोळी बंद. ब्लाझेनाचं एकच टुमणं: अरे, ह्याच्या मिशा कुठायत? आहेत. बारीक आहेत. माशांच्या कल्ल्यांतले चपटे किडे बघण्यात माझा जन्म गेला, आता बायको मला कार्प शिकवणार!

संध्याकाळ
मासा साफ करताना कल्ले काढून मायक्रोस्कोपखाली धरले. कार्पचे नेहमीचे किडे होतेच. शेजारी करासचा किडा!! करास म्हणजे कार्पचा बिनमिशांचा चुलतभाऊ. त्याचा किडा मरेल, पण परक्या माशाच्या कल्ल्यात राहणार नाही, असं आमचे विभागप्रमुख प्रोफेसर व्होंद्राचेक जन्मभर शिकवत आले. संपले व्होंद्राचेक. माझी अडकलेली बढती आता कोण अडवतो बघू.

२४ डिसेंबर
मासा तळला, बटाट्याच्या सॅलडबरोबर खाल्ला. काटे फार. पाकिटात कार्पचं खवलं ठेवलं की वर्षभर पैसा टिकतो म्हणे. मी असलं काही मानत नाही. दोन ठेवली.

२८ डिसेंबर
व्होंद्राचेकना फोन. विचारतात, मासा कार्पच होता कशावरून? डोकंच फिरलं. म्हटलं, सर, तुमचे किडे एकनिष्ठ असतील, माझा नाही. पुरावा मागितला. पुरावा पोटात गेला होता.

४ जानेवारी
भर सेमिनारमध्ये पाकिटातून खवलं काढून टेबलावर आपटलं. करा डीएनए! चुकलो तर वर्षभर विद्यार्थ्यांच्या काचपट्ट्या मी धुवीन! कोणीतरी टाळी वाजवली.

९ जानेवारी
रिपोर्ट नाही. घाबरले असणार. भाषण लिहायला घेतलं. मोठी केबिन मिळाली की पडदे निळे लावायचे. ब्लाझेनाने पुन्हा मिशांचा विषय काढला. मी भाषणात आणखी एक परिच्छेद घातला.

१५ जानेवारी
रिपोर्ट आला. बाप कार्प, आई करास. मासा संकरित. म्हणजे दोन्ही घरचे किडे आपापल्या नात्यात राहायला आले होते. व्होंद्राचेकनी नसलेल्या मिशांना पीळ दिला फक्त. मी का ऐकतोय! एका खवल्यावरून काय ठरतं? दुसरं काढून दिलं.

१९ जानेवारी
दुसरं खवलंही त्याच माशाचं निघालं.
पाकीट रिकामं. दिवसभर काचपट्ट्या धुतल्या. ज्याला धड मेंदू नाही, त्या किड्याने मासा ओळखला. मी तळून खाल्ला.