नानांची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ

जमलं एकदाचं! दालमिलच्या वजनकाट्याचा जुना प्रोग्राम आकडा चार बाइटांत पाठवतो आणि पावतीचा नवा प्रोग्राम आठ बाइट वाचतो. म्हणून तुरीने भरलेला प्रत्येक ट्रक तीन दिवस पावतीवर उणे वजनाचा! मालकांनी आज शेवटची मुदत दिली होती. काट्यावरचे नाना मात्र एका पडद्यावरचं वजन चिठ्ठीवर लिहून दुसऱ्यात बिनचूक भरत होते. शेवटी मी हुशारी गुंडाळली. जुन्याने वजन साध्या अक्षरांत फाइलमध्ये लिहायचं, नव्याने ते वाचायचं. पहिल्याच ट्रकला वजन बरोबर!

नाना म्हणाले, “भाऊ, हाई ते मन्हीच चिठ्ठी शे!”

“हो नाना, पेन तेवढं माझं.”

तरी त्यांनी चिठ्ठी लिहून ताडून पाहिलंच. इतकी वर्षं मी नेमकं शिकलो काय? ती चिठ्ठी मागून आणलीय. देवघरात ठेवू की कॉम्प्युटरवर चिकटवू?