मिटल्या तोंडाचा भोपळा

हार्लो फॉल्स, व्हरमाँट
२ नोव्हेंबर

ती. लव्हिनिया आत्यास,
हॅटीचा शि.सा.न.वि.वि.

भोपळा आणि भाऊ फार दिवस ठेवू नयेत, वास मारतात, असं तू सहा वर्षांपूर्वी आमचं फाटक आपटताना म्हणाली होतीस. त्या हॅलोविनला बाबांनी भोपळ्यावर तुझा चेहरा कोरला, तोंड कानापर्यंत उघडं ठेवलं, आणि गल्लीतली पोरं येता-जाता त्याला लव्हिनियाबाई म्हणून हाका मारत होती. चूक बाबांचीच.

यंदा त्यांनी पुन्हा तुलाच कोरलंय. का, विचारलं तर म्हणाले, तिचं तोंड मिटायचं राहिलं होतं. माफी मागायची त्यांची हीच तऱ्हा. डाव्या गालाची साल नुसती खरवडलीय, त्यामुळे आत दिवा लावला की तुझी खळी उजळते.

तू बघेपर्यंत टाकायचा नाही, असा हुकूम आहे. म्हणून मी त्याला रोज ब्लीचच्या पाण्यात बुचकळते, पुसते, कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळते आणि गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवते. बाबांच्या बियरला तुझ्यासाठी जागा सोडावी लागली. आमचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सोबत फोटो आहे, पण तू स्वतः ये. आणखी फार तर दोन आठवडे टिकेल.

तुझी,
हॅटी


डेटन, ओहायो
६ नोव्हेंबर

चि. हॅटीस अ. उ. आ.

फोटो पावला. फ्लॅश मारलास ना? खळी कुठे आहे? मला एक नारिंगी बटाटा दिसला. तो माझ्यासारखा आहे का, असं शेजारच्या एडनाला विचारलं, तर ती पटकन हो म्हणाली. तिच्याशी बोलणं बंद केलंय.

अगं वेडे, ज्याचा उजेड आतून येतो त्याच्यावर बाहेरून उजेड पाडतात का? दिवस मावळल्यावर आभाळ निळं असतानाच काढ. कॅमेरा स्टुलावर ठेव, हाताने धरू नकोस. आत दोन मेणबत्त्या लाव आणि झाकण जरा तिरकं ठेव, नाहीतर धुराने विझतील. असा फोटो पाठवलास की माझं भागेल.

येणं जमणार नाही. गुडघा आहे, बसचा प्रवास आहे. आणि तुझ्या बापाला, ऑरिनला, एवढी ओढ असती तर त्याने स्वतः चार ओळी लिहिल्या असत्या. त्याला लिहिता येतं, माझ्या सगळ्या वह्या त्यानेच खराब केल्या होत्या.

स्वतःला जप. ब्लीच हाताळताना हातमोजे घाल.

तुझी आत्या,
लव्हिनिया


हार्लो फॉल्स
११ नोव्हेंबर

ती. आत्यास शि.सा.न.

तू सांगितलंस तसाच फोटो काढला. सोबत आहे. आता खळी बघ.

तो मी आधी बाबांच्या हातात दिला. त्यांनी उलटा धरला आणि म्हणाले, झकास आलाय.

तुला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती आज मोडते. वसंतापासून त्यांची नजर गेली आहे, फक्त कडेकडेचं धूसर दिसतं. चार ओळी कशा लिहिणार? हा चेहरा त्यांनी डाव्या हाताने चाचपत आणि उजव्याने कोरत तीन दिवसांत केला. मी मूर्ख, हळू कोरताहेत म्हणून कुरकुरत होते.

काल भोपळ्याची हनुवटी मऊ पडली. आत काळी बुरशी आलीय, जबडा मी दातकोरण्या टोचून धरलाय. चार-पाच दिवस तरेल, पुढे नाही. बाबा रोज विचारतात, हुबेहूब तिच्यासारखा आहे ना? मी हो म्हणते, तर म्हणतात, तू माझं मन राखतेस.

तुझा लोभ आहेच, तो वाढव असं आज लिहीत नाही. पत्र मिळेल त्या दिवसाच्या बसने ये. आणि तुझ्या तोंडाला डॉक्टरनेही हात लावलेला तुला खपत नाही, हे मला माहीत आहे. तू नाहीच म्हणशील. तरी विचारते. ओसरीवर बाबांच्या शेजारी बस, आणि एकदा, एकदाच, त्यांना तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवू दे.