रविवारच्या वर्गात आई बोलली

अजनी, नागपूर
रविवार, २१ एप्रिल १९६३

प्रिय सिमूस,

शालोम, आणि ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पेसाहच्या आधीच पोचलं होतं. मग सण आला, मग माझ्या शाळेच्या परीक्षा, पेपरांचा ढीग. म्हणून उत्तराला उशीर झाला. हे सगळं खरं आहे, पण उशीर त्यामुळे झालेला नाही.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत. ऊन असं तापलंय की वाळ्याचे पडदे कितीही भिजवा, दुपारी घरात बसवत नाही. शेजारच्या इंदूबाईंनी कुरडया पाठवल्या. त्या रोज कुंपणावरून विचारतात, "सिमूच्या लग्नाची तारीख आली का वं?" मी म्हणते, येईल.

आमच्या वर्गाबद्दल तुला मागे नीट लिहिलंच नव्हतं. तू देश सोडून बीरशेबाला गेलीस त्यानंतर मुंबईच्या आपल्या यहुदी मंडळानं इथं मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू केला. नागपुरात आपली घरं मूठभर, प्रार्थनाघर नाही, म्हणून दर रविवारी दुपारी आपल्याच पुढच्या खोलीत. शिकवायला अ‍ॅरनसर. हिब्रू अक्षरं, सण, इतिहास, शास्त्र. तिकडं जायच्या आधी माणसाला आपण कोण ते ठाऊक असावं, असं मंडळाचं म्हणणं. रेल्वेतले शिमशोनभाऊ यायचे, त्यांची बायको यायची, पोस्टातले दोघं यायचे. आणि आपली आई! जन्मभर अंगठा उठवलेली बाई, पण सगळ्यांच्या पुढे बसायची आणि अक्षर चुकलं तर शिमशोनभाऊंना दटावायची. बाबिलोनची कैद, मग रोमन, मग स्पेन, असं सर सांगत होते तेव्हा म्हणाली, "इतक्यांदा हाकललं यायले? मंग बिचाऱ्यायनं संसार तरी कवा केला?" सर इतके हसले की खडू खाली पडला.

मी तेव्हा किती खूश होते म्हणून सांगू. बाबा गेल्यापासून आईला असं हसताना पाहिलं नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. लग्न नोंदवायला तू आणि मोशे गेलात, आणि तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलं की तुझ्या आईच्या आधीच्या लग्नाची माहिती नागपूरहून आली आहे. तू लिहितेस, "कोणत्या मेल्यानं चुगली केली ते शोधून काढ ताई, मी त्याला सोडणार नाही."

सिमू, चुगली कोणी केली नाही. आईनं सांगितलं. भर वर्गात, उभी राहून, मोठ्या तोऱ्यात.

त्या दिवशी विषय होता लग्न आणि काडीमोड. सरांनी विचारलं, आपल्या लोकांत पूर्वी काय रीत होती, कोणाला ठाऊक आहे का? आईनं हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा! म्हणाली, पहिला नवरा मारत होता. हात मोडला तेव्हा मी पोरीला काखेत घेऊन माझ्या पायानं निघाली. समाजाच्या मुकादमांनी आपल्या सगळ्या घरांना बोलावलं, एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नावानं मलिद्याचा प्रसाद केला, सगळ्यांसमोर त्या माणसाची अंगठी त्याला परत केली आणि सांगितलं, ही बाई आजपासून मोकळी. मग सिमूच्या बाबांनी, आवासकरांनी, लग्न लावून मला पदरच्या पोरीसकट मान देऊन घरी नेलं. "आमच्यात बाईले सोडवतात, सर. लिहून घ्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सरांनी मात्र पुस्तक मिटलं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. म्हणाले, शास्त्राप्रमाणे नवऱ्यानं स्वतः रीतसर लिहवून घेतलेली सोडचिठ्ठी बायकोच्या हातात द्यावी लागते. पंचांनी सोडलं, मलिदा केला, त्याला शास्त्रात काही अर्थ नाही. ती मिळाली नसेल तर पहिलं लग्न उभंच राहतं, आणि मग दुसऱ्या घरात झालेल्या मुलांना आपल्या समाजात लग्न करता येत नाही. त्यांच्या मुलांनाही नाही. मी म्हटलं, अहो, इथं त्या काळी हे सांगायला होतं कोण? आमच्या लोकांनी जे चांगलं वाटलं ते केलं! त्यांनी मान हलवली. मग तिथल्या धर्माधिकाऱ्यांकडून त्यांना नागपूरच्या घरांबद्दल विचारणा झाली आणि त्यांनी जे ऐकलं ते कळवलं. भला माणूस आहे गं. रडला माझ्यासमोर. त्याच्या रडण्याला काय करू?

तू लिहितेस की आईकडून वकिलासमोर शपथ घ्यावी, की बाबांशी लग्न झालं तेव्हा तो माणूस मेलेला होता. पाप-पुण्य मी बाजूला ठेवलं आणि करून पाहिलं. भाजी निवडता निवडता सहज म्हटलं, आई, तो तेव्हा वारलाच होता ना? ती म्हणाली, "मेला काहून म्हणतेस? तू चौथीत असताना बर्डीवर बजारात भेटला होता. तुले पेरू देल्ला होता. मी फेकून देल्ला." आणि वर्गातल्या सगळ्यांनी ऐकलंय, बाई. कोणाकोणाचं तोंड धरू? आता तर तो खरंच मेला, कधीचाच मेला. मी सरांना तेही विचारलं, आता काही करता येईल का? ते म्हणाले, मेलेल्या माणसाकडून सोडचिठ्ठी कशी घेणार?

मुंबईला दोन ठिकाणी लिहिलं. एकांनी सहानुभूती कळवली. दुसऱ्यांनी उत्तर दिलं नाही.

वर्ग बंद पडला आहे. शिमशोनभाऊंचं तिकडं जायचं ठरतंय, त्यांना आपल्या दारात दिसायचं नाही. बाकीचेही आपापल्या आजीचं काय निघेल या धसक्यानं येत नाहीत. आईला हे काही ठाऊक नाही. तुझं पत्र मी तिला खोटं वाचून दाखवलं, घर मिळत नाही म्हणून लग्न लांबलंय असं. तरी तिला वास लागलाच. आज दुपारी तिनं नेहमीप्रमाणे सतरंजी घातली, पाटी पुसली आणि बसून राहिली. कोणी आलं नाही. मग मला म्हणाली, "सिमूले लिही, तिथल्या साहेबायनं खानदान विचारलं तर माझी गोष्ट सांगजो म्हणा. समजन त्यायले, कशा लोकायची पोरगी हाये ते."

मी "लिहिते" म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

धीर दे, उपाय सांग, असं तू लिहिलंयस. माझ्याकडे उपाय नाही. मोशेनं वाट पाहीन म्हटलंय, पण त्याच्या आईनं काय म्हटलंय तेही तूच लिहिलंस. परत ये म्हणावं तर इथं कोण उरलंय तुझ्यासाठी? मी खोटी आशा दाखवणार नाही. तू एकतीस वर्षांची आहेस, लहान नाहीस.

एक गोष्ट मात्र मला आतून जाळते आहे. सरांनी सांगितलं की मी अर्ज केला तर मला तिकडं कोणी अडवणार नाही, कारण मी त्या पहिल्या लग्नाची. ज्यानं आईचा हात मोडला, त्याची पोरगी चोख. आणि ज्या बाबांनी तापात रात्ररात्र आपल्या दोघींच्या कपाळावर पट्ट्या बदलल्या, त्यांचं रक्त म्हणून तुझ्यात खोट. हे शास्त्र असेल तर असो. मी अर्ज करणार नाही. तिथं गेले तर फॉर्मवर बापाच्या जागी त्या माणसाचं नाव लिहावं लागेल, आणि ते माझ्या हातून होणार नाही.

तुझीच ताई,
सेगुला हनोख आवासकर
(आपल्या बाबांची थोरली)